तेलाची विद्या आणि मोटारींचा पट्टा

बारावीचे आणि प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की निगडी, आकुर्डी, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या घराघरांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीच्या कोणत्या शाखेस घालावे, ही ती चर्चा. या परिसरात यंत्र, विद्युत आणि संगणक या शाखांची नावे आता वडीलधाऱ्या मंडळींनाही तोंडपाठ झाली आहेत. कारखान्याच्या पाळीवर जाणारा पालकदेखील त्यांपैकी कोणत्या शाखेला काय भाव आहे हे सांगू शकतो. परंतु त्याच यादीत खाली कोठेतरी 'पेट्रोलियम अभियांत्रिकी' हे नाव दिसते आणि चर्चा अडखळते. एक पक्ष म्हणतो की तेलात अमाप पैसा आहे, आखातात नोकरी लागली की घराचे पांग फिटले. दुसरा पक्ष म्हणतो की तेलाचे दिवस भरले. समोरच्या कारखान्यातून विजेच्या गाड्या बाहेर पडत असताना तेलाचे शिक्षण घेणे म्हणजे बुडत्या नावेत बसणे होय. दोन्ही मते सारख्याच आत्मविश्वासाने मांडली जातात, आणि दोहोंमागे या विषयाची माहिती सारखीच थोडी असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विचारला जावा, यात एक विशेष औचित्य आहे. या पट्ट्याची भरभराट तेलावर चालणाऱ्या वाहनांनी केली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता मालमोटारी, स्कूटर, रिक्षा यांच्या निर्मितीने हा माळ गजबजून गेला. चाकणने तीच परंपरा मोटारगाड्यांपर्यंत नेली. तेल जाळणारी यंत्रे लाखोंनी घडविणाऱ्या या पट्ट्यात ते तेल जमिनीतून काढण्याची विद्या मात्र जवळजवळ अपरिचित राहिली. ही विद्या आज येथील विद्यार्थ्याने शिकावी काय, आणि शिकावी तर कोणत्या अटींवर, याचा विचार भावनेऐवजी वस्तुस्थितीच्या आधारे होणे इष्ट आहे.

विद्या आहे तरी कोणती?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोलियम अभियांत्रिकी म्हणजे पेट्रोल तयार करण्याचे शास्त्र नव्हे. कच्च्या तेलापासून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगळे करण्याचे काम शुद्धीकरण कारखान्यात चालते आणि ते मुख्यतः रसायन अभियंत्यांचे क्षेत्र आहे. पेट्रोलियम अभियंत्याचे काम त्याच्या कितीतरी आधीचे. भूगर्भात तेल कोठे असावे याचा अंदाज भूवैज्ञानिकाने दिल्यानंतर तेथपर्यंत विहीर कशी खोदावी, ती ढासळू कशी द्यायची नाही, तेल किती आहे हे कसे मोजावे आणि त्यातील अधिकाधिक भाग वर कसा आणावा, हा त्याचा अभ्यासविषय असतो.

भूगर्भात तेलाचे तळे साचलेले असते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः तेल असते ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, ओल्या विटेत पाणी मुरलेले असावे तसे. खडकात छिद्रे किती आहेत आणि ती एकमेकांना कितपत जोडलेली आहेत, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना हेन्री दार्सी या अभियंत्याने १८५६ साली वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम मांडला. त्याच नियमावर आजही तेलसाठ्याचे सगळे गणित उभे आहे. सर्व प्रयत्नांनंतरही साठ्यातील साधारण तिसरा हिस्साच वर येतो आणि उरलेले तेल खडकातच राहते. तो हिस्सा दोन-चार टक्क्यांनी वाढविणे म्हणजे एखादे नवे तेलक्षेत्र सापडण्यासारखेच असते. या विद्येचे मोल कशात आहे, ते यावरून ध्यानी येईल.

या विद्येला धोक्याचीही एक बाजू आहे. १९९५ साली आंध्र प्रदेशातील पासरलापुडी येथे विहिरीचा स्फोट होऊन ती आग दोन महिन्यांहून अधिक काळ धगधगत राहिली. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तरत्या संचावर ११ माणसे मृत्युमुखी पडली. आसामातील बागजान येथे मे २०२० मध्ये उसळलेली विहीर आटोक्यात आणण्यास नोव्हेंबर उजाडला. खोल थरांतील दाब ओळखण्यात झालेली चूक किती महाग पडते, हे अशा प्रसंगांनी दाखविले आहे. म्हणूनच हे शिक्षण नुसत्या पदवीपुरते घेण्याजोगे नाही.

मुंबई हायचा वारसा

महाराष्ट्राला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. देशातील तेलउद्योगाचा प्रारंभ आसामात झाला. दिग्बोईचा शुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने सरकारी क्षेत्रात तेलशोधाला वेग आला. खंबायत आणि अंकलेश्वर येथे तेल मिळाल्यावर दृष्टी समुद्राकडे वळली. साठच्या दशकात सोव्हिएत संशोधन जहाजाच्या साह्याने पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाची पाहणी झाली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागरसम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या वेधनसंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधून काढले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला होता. अशा वेळी लागलेल्या या शोधाने देशाला केवढा दिलासा दिला असेल, याची कल्पना करता येईल.

१९८५ च्या मार्चमध्ये मुंबई हायने दररोज ४ लाख ७१ हजार पिंपे तेलाचा उच्चांक गाठला. त्यानंतर क्षेत्र म्हातारे होत गेले. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार पिंपांवर आले होते आणि ते पुन्हा वाढविण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी 'बीपी'ची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड करण्यात आली. पन्नास वर्षे ज्या क्षेत्रावर आपली माणसे राबली, त्याच्या वार्धक्यातील शुश्रूषेसाठी बाहेरचा वैद्य बोलवावा लागला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. बाहेरचे ज्ञान घेण्यात कमीपणा मुळीच नाही. तथापि जुन्या क्षेत्रातून उरलेले तेल काढण्याचे कौशल्य येथील विद्यापीठांत का रुजले नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

शिक्षणाची सोय अगदीच नव्हती असे नाही. धनबादच्या खनिकर्म विद्यालयात १९५७ पासून हा विषय शिकविला जातो. वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि १९८३ साली पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली. या संस्थेने पेट्रोलियम अभियांत्रिकीचा विभाग अनेक वर्षे चालविला आणि २०१७ साली विद्यापीठात रूपांतर झाल्यानंतरही तो विषय तेथे टिकून आहे. पुढे डेहराडून, गांधीनगर आणि रायबरेली-अमेठी परिसरात या विषयाला वाहिलेल्या संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्याला ही विद्या शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अडचण आहे ती शिक्षण संपल्यानंतरची.

कांद्याचे गणित

चाकणची बाजारपेठ मोटारींच्या आधी कांद्यासाठी प्रसिद्ध होती. कांद्याला भाव आला की शेतकरी अधिक लागवड करतो. पीक हाती येईतो सर्वांनीच तसे केलेले असते आणि भाव कोसळतो. पेट्रोलियमच्या विद्यार्थ्याची अवस्था नेमकी हीच आहे. फरक इतकाच की कांद्याला चार महिने लागतात आणि पदवीला चार वर्षे. शिवाय फसलेला शेतकरी पुढच्या हंगामात दुसरे पीक घेऊ शकतो; चार वर्षे आणि घरची पुंजी घालून मिळविलेली पदवी मात्र बदलता येत नाही.

ही केवळ उपमा नव्हे. १९८२ साली तेलाचे भाव तेजीत असताना ज्याने या शाखेत प्रवेश घेतला असेल, तो १९८६ साली, भाव निम्म्याखाली घसरले त्याच वर्षी, पदवीधर झाला असेल. २०१० च्या सुमारास तेल पुन्हा शंभर डॉलरकडे निघाले होते. त्या उत्साहात आलेले विद्यार्थी २०१४-१५ मध्ये बाहेर पडले. जून २०१४ मध्ये पिंपास ११० डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली गेला. जगभर तेलकंपन्यांनी नोकरकपात केली आणि अमेरिकेतील या शाखेची विद्यार्थिसंख्या पुढील काही वर्षांत एका लहान हिश्श्यावर आली. २०२० च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकन बाजारात एक दिवस तेलाचा वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. उलट २०१८ साली, या शाखेकडे फारसे कोणी पाहत नसताना प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०२२ मध्ये बाहेर पडला तेव्हा युक्रेन युद्धामुळे भाव पुन्हा शंभरी ओलांडून गेला होता.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. प्रवेशाच्या दिवशीच्या भावावरून या शाखेची निवड करणे किंवा ती टाळणे, दोन्ही सारखेच अशास्त्रीय आहे. परंतु आपल्याकडे महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत जी आकडेवारी झळकते ती बहुधा चांगल्या वर्षांची असते. सर्वाधिक वेतन मिळविणाऱ्या एका विद्यार्थ्याचे छायाचित्र मोठे छापले जाते. ज्यांना नोकरीच लागली नाही त्यांची संख्या कोठे येत नाही. पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून किंवा बँकेच्या कर्जातून शुल्क भरणाऱ्या कुटुंबाशी हा व्यवहार न्याय्य नव्हे.

एकेरी दार

याहून गंभीर अडचण आणखी एक आहे. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या भरतीत वेधन आणि उत्पादन या विभागांतील अभियंत्यांच्या जागांसाठी पेट्रोलियमच्या पदवीधराबरोबर यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधराचाही विचार होत आला आहे. उत्पादनाच्या जागांसाठी रसायन अभियंताही पात्र ठरत आला आहे. म्हणजे यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला तेलक्षेत्राचे दार उघडे आहे, आणि चाकणच्या कारखान्याचे तर आहेच. पेट्रोलियमचा विद्यार्थी मात्र चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला गेला तर त्याच्या पदवीकडे पाहून मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. द्रवगतिशास्त्र, उष्मागतिशास्त्र, पदार्थांचे बल हे विषय तोही शिकलेला असतो; परंतु पदवीवरील नाव आड येते. दार एकेरी आहे, आणि त्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो.

मुलींच्या बाबतीत हे दार अधिकच अरुंद होते. तेलक्षेत्र २०२५ पर्यंत खाण कायदा, १९५२ च्या कक्षेत येत होते आणि त्या कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर दीर्घकाळ निर्बंध घातलेले होते. २०१९ साली केंद्र सरकारने काही अटींवर ते सैल केले. कागदावर वाट मोकळी झाली, तरी समुद्रातील मंचावर सलग चौदा-चौदा दिवस राहण्याची पद्धत आणि तेथील सोयी पाहता प्रत्यक्षात ती रुंद होण्यास वेळ लागेल.

विजेच्या गाडीचा आक्षेप

आता दुसऱ्या पक्षाचा आक्षेप पाहू. तेलाचे दिवस सरले असतील तर ही सारी चर्चाच व्यर्थ ठरते. या आक्षेपात तथ्य नाही असे कोण म्हणेल? ज्या आकुर्डीतून एके काळी पेट्रोलवरच्या स्कूटर देशभर गेल्या, त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवरील 'चेतक'साठी स्वतंत्र कारखाना चालू आहे. चाकणमध्ये मर्सिडीज आणि महिंद्र यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींची जुळणी होते. बदल डोळ्यांसमोर घडतो आहे आणि तो परतणारा नाही.

तरीही चित्राची दुसरी बाजू दृष्टिआड करून चालणार नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल बाहेरून येते. विजेच्या गाड्यांनी तेलाची मागणी कमी होऊ लागली, तरी आयातीच्या या डोंगराचा पहिला भाग ढासळेल. देशात निघणाऱ्या तेलाची गरज त्यानंतरही दीर्घकाळ राहील. जुलै २०२४ मध्ये याच पट्ट्यातील बजाज कंपनीने नैसर्गिक वायूवर चालणारी मोटारसायकल बाजारात आणली. पुणे, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण, तळेगाव या परिसरात २००६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड घरांना, वाहनांना आणि कारखान्यांना वायू पुरविते. तेलाकडून विजेकडे जाणाऱ्या वाटेवर वायूचा एक मोठा टप्पा आहे, आणि तो वायूही भूगर्भातूनच यावयाचा आहे.

त्याहून महत्त्वाचे असे की खडकात खोलवर विहीर नेण्याची आणि तेथील द्रवाचे व वायूचे वर्तन ओळखण्याची विद्या तेलापुरती मर्यादित नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात भूगर्भातील उष्णतेपासून वीज मिळविण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ मध्ये करार केला, तो याच कौशल्याच्या बळावर. कारखान्यांतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड जमिनीखाली कायमचा गाडावयाचा असेल तर तो कोणत्या थरात राहील आणि कोणत्या थरातून निसटेल, हे सांगणारा माणूस पेट्रोलियम अभियंताच असेल. भूजलाचा प्रश्नही मुळात सच्छिद्र खडकातील प्रवाहाचाच आहे. पुणे परिसर ज्या काळ्या बेसाल्टवर वसला आहे त्यात तेलाची आशा धरता येत नाही. पण त्याच्या भेगांतून पाणी कसे वाहते हे समजण्यास दार्सीचा नियम येथेही उपयोगी पडतो.

काय व्हावयास हवे?

तेव्हा प्रश्न ही शाखा बंद करावी की चालू ठेवावी असा नाहीच. ती कोणत्या स्वरूपात चालू ठेवावी, हा आहे. विद्यापीठांनी निदान पहिली दोन वर्षे यंत्र, रसायन आणि पेट्रोलियम या शाखांचा अभ्यास शक्य तितका सामाईक ठेवावा आणि विशेष अभ्यासाचा निर्णय विद्यार्थ्याने नंतर घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची वाट दाखविली आहे. तिचा लाभ सर्वांत अधिक कोणाला होणार असेल तर तो या शाखेच्या विद्यार्थ्याला. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तेलक्षेत्राचा आणि पेट्रोलियमच्या विद्यार्थ्याने यंत्ररचनेचा किंवा भूजलाचा दुय्यम अभ्यास केला, तर एकेरी दार दुहेरी होऊ शकेल.

दुसरी गोष्ट प्रामाणिक माहितीची. प्रत्येक महाविद्यालयाने मागील दहा वर्षांत या शाखेतून किती विद्यार्थी बाहेर पडले, किती जणांना त्याच क्षेत्रात काम मिळाले आणि किती जण अन्यत्र वळले, हे वर्षवार जाहीर करावे. पडत्या वर्षांचे आकडे दडविण्याने संस्थेची प्रतिष्ठा वाढत नाही. एक पिढी फसली की पुढची पिढी तिकडे फिरकत नाही, इतकेच होते.

तिसरी गोष्ट उद्योगांची. पनवेल आणि उरण येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या संशोधन संस्था आणि प्रकल्प आहेत; ते पुण्याहून काही तासांच्या अंतरावर आहेत. इकडे पिंपरी-चिंचवडमध्ये पंप, झडपा, बाष्पक, दाबाच्या टाक्या आणि त्यांचे नियंत्रण यांवर काम करणारे लहानमोठे अनेक कारखाने आहेत, चाकणला घरगुती गॅस भरण्याचे प्रकल्प आहेत. ही सारी कामे दाब, तापमान आणि प्रवाह यांचीच आहेत. पेट्रोलियमच्या विद्यार्थ्याला सुट्टीतील प्रशिक्षणासाठी या कारखान्यांनी दार उघडले तर चार वर्षांनंतर पदवीच्या नावावरून उद्भवणारा संशय पुष्कळ कमी होईल.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही आपल्या बाजूने एक कसोटी लावावी. आखातातील वेतनाची आशा बाजूला ठेवल्यावर विद्यार्थ्याला या विषयाची ओढ उरते काय? गणित आणि भूविज्ञान या दोहोंत त्याला सारखा रस आहे काय? महिन्यातील निम्मे दिवस घरापासून दूर, समुद्रात किंवा वाळवंटात काढण्याची त्याची तयारी आहे काय? उत्तर होय असेल तर तेलाचा आजचा भाव काय आहे याची फिकीर करण्याचे कारण नाही. उत्तर नाही असेल तर तो भाव कितीही चढा असला तरी त्याने हा रस्ता धरू नये.

वाहन घडविणारा हा पट्टा आज आपली यंत्रे बदलतो आहे. यंत्रांची साखळी बदलण्यास दोन-चार वर्षे पुरतात; माणसांचे शिक्षण बदलण्यास त्याहून अधिक काळ लागतो आणि चुकले तर त्याची किंमत मोजावी लागते ती एखाद्या कुटुंबाला. ती किंमत विद्यार्थ्यावर एकट्यावर टाकून विद्यापीठे आणि उद्योग यांना नामानिराळे राहता येणार नाही.